दोन वाढवून लिहा

गाणी ऐकवणारी नव्हे हं, मित्रांनो. मी मापाची टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात असते ती. आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या एका अंगाला इंच आहेत, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. दोन्ही टोकांना पितळी टोपणे आहेत, त्यांतले एक म्हातारीच्या दातासारखे हलते. पिवळा रंग केव्हाच गेला. सुरुवातीचे दहा इंच तर इतके झिजले आहेत, की आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागतात. पण त्याच दहा इंचांत नखाने दाबलेल्या दोन खुणा आहेत. एक नवावर, हलकी. दुसरी आठावर, एकाच जागी तीनदा दाबलेली, खोल. त्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून मी अजून स्वतःला जपते.

माझा जन्म कारखान्यातला. सुती फितीवर रंगाचे लेप बसले, रुळाखालून जाताना अंगावर आकडे उमटले, आणि एका बाईने मला पोलादी पट्टीशेजारी सरळ धरले. तिने चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या साठाव्या इंचाकडे वाकून पाहिले आणि म्हणाली, "ही खरी आहे." एवढेच. लगेच ती पुढच्या टेपेकडे वळलीसुद्धा. पण मला वाटले, जगात याहून मोठी शाबासकी नसेल. खरे सांगायचे हेच आपले काम, असे मी त्या दिवशी मनाशी पक्के केले.

पुढे मी मास्तरांच्या अक्षरशः गळ्यात पडले, आणि पहिल्याच आठवड्यात कळले, की इथे नुसते खरे सांगून भागत नाही.

टेलर मास्तर म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दुकान गल्लीच्या वळणावर, एकाच खोलीचे. मधोमध कापायचे टेबल, खिडकीशी शिलाईयंत्र, मागे भिंतभर फळ्या आणि त्यांवर कापडाचे तागे. मास्तर डोळे मिटून तागा चिमटीत धरत आणि सांगत, हे पॉपलिन, ही मलमल, हे दोनदा धुतलेले. कधी चुकत नसत. त्यांची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. आई लवकर गेलेली, त्यामुळे शाळा सुटली की ती घरी न जाता दुकानात यायची. अंगाने काटकुळी आणि जिभेने टोकदार, म्हणून मास्तर तिला सुई म्हणत. मास्तरांनी माप घेऊन मोठ्याने आकडा सांगायचा आणि सुईने तो वहीत लिहायचा, अशी बापलेकींची वाटणी होती.

एके दिवशी कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका पँट शिवायला आले. मी त्यांच्या पोटाभोवती वळसा घातला आणि माझे टोक बेचाळिसावर येऊन टेकले. मास्तरांनी मान वाकडी करून पाहिले आणि खणखणीत आवाजात सांगितले, "कंबर चाळीस!"

मी दचकलेच. बेचाळीस, बेचाळीस, असे मी मनात ओरडले. काका मात्र फुलून गेले.

"बघा मास्तर, आमची ही उगाच बोलते. गेल्या वर्षीही चाळीसच होती."

"तुमची अंगकाठीच तशी, काका."

सुईने मान वर न करता वहीत लिहिले, बेचाळीस.

असा त्या दुकानाचा शिरस्ता होता. गिऱ्हाईक ओशाळेल असा आकडा आला की मास्तर मुद्दाम खणखणीत आवाजात दोन कमी सांगायचे आणि त्यावरून ओळखून सुई दोन वाढवून लिहायची. "माप कपड्यासाठी असतं गं," ते तिला समजावत. "माणसाला चारचौघांत खाली बघायला लावण्यासाठी नसतं." मीही हळूहळू निवळले. खरे माप वहीत जात होते ना, मग झाले.

एकदाच घोटाळा झाला. सुई तापाने पडली होती, म्हणून काजेबटणे करणाऱ्या काकू वही घेऊन बसल्या. त्यांनी ऐकले तसे लिहिले. ती पँट बेकरीवाल्या काकांनी भाच्याच्या लग्नात घातली आणि जेवायला बसताना मागची शिवण टर्रकन उसवली. मग म्हणे काका सगळ्या लग्नात भिंतीला पाठ लावूनच फिरले. मास्तर आठवडाभर हसत होते आणि हळहळतही होते. काकूंना त्यांनी एका शब्दाने दुखवले नाही. "त्यांची काय चूक? लिहिणाऱ्याला ठाऊक हवं, की दोन वाढवायचे असतात." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ते विसरता येत नाही.

वर्षे गेली. सुई कापायला शिकली, मग शिवायला, मग गिऱ्हाइकांना दटावायलाही शिकली. मास्तरांचे केस माझ्यादेखत पिकले. मीही ताणले गेले. जुन्या टेपेचे असेच होते. वापरून वापरून ती लांबते, आणि लांबली की माप कमी दाखवते. साठ इंचांत अर्धा इंच माझा घटला. "घ्या, हिलाही माझीच सवय लागली," मास्तर म्हणाले. नवी टेप त्यांनी घेतली नाही. माझा अर्धा इंच त्यांच्या बोटांना पाठ होता.

शाळा सुरू व्हायचे दिवस होते, गणवेशांची घाई होती. निळा तागा सगळ्यात वरच्या फळीवर होता.

"थांबा बाबा, मी काढते," सुई म्हणाली.

"तू ती कॉलर पुरी कर," म्हणत मास्तर स्टुलावर चढले. स्टुलाचा पाय सरकला. मास्तर पाठीवर पडले, ते नेमके टेबलाच्या कडेवर. पाठोपाठ तागा उलगडत खाली आला आणि त्यांच्या पायांवर पसरला. "मळेल गं तो, उचल," असे म्हणत ते उठायला गेले, पण पाय आलेच नाहीत.

रुग्णालयात त्यांचा शर्ट काढायला कात्री आणली, तर तशाही अवस्थेत ते म्हणाले, "शिवण उसवा ना, कापता कशाला?" सिस्टरांनी मला त्यांच्या गळ्यातून काढून पिशवीत टाकले. माझ्या आयुष्यातले ते पहिले रिकामे दिवस.

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दबला होता, पुरता तुटला नव्हता. पायांची हालचाल गेली ती गेलीच. पण तीन-चार महिन्यांनी त्याच पायांत आग सुरू झाली. आतले मज्जातंतू काही कारण नसताना बोंब ठोकत होते, जळतंय, जळतंय. वारा लागला तरी जळायचे आणि कापड लागले तरी जळायचे. जोरात दाबले तर एक वेळ चाले, पण हलका स्पर्श सोसत नसे. ज्या माणसाने जन्मभर कापडावर हात फिरवला, त्याच्या पायांना मलमलीची चादर टेकली तरी त्याच्या तोंडून किंकाळी फुटत होती. सुईने जाड तारेची कमान करवून घेतली आणि चादर तिच्यावरून तंबूसारखी टाकली. थंडीतही मास्तरांचे पाय त्या तंबूत उघडे असत.

"कापड माझ्यावर रुसलंय," ते म्हणत आणि मला हातात गुंडाळून धरत. हात त्यांचे शाबूत होते.

सुई दुकान चालवी आणि दर तासाला आत डोकावे.

"किती दुखतंय, बाबा? दहापैकी सांगा."

"चार."

सुई मनात दोन वाढवायची आणि सहा धरून गोळी द्यायची. मास्तरांना ठाऊक होते, की ही दोन वाढवते. म्हणून तिच्यापुरते ते चार कमी करायचे. हे गणित फक्त मला माहीत होते, आणि मला तोंड नाही.

गोळ्यांनी झोप येई, आग जात नसे. अशी तीन वर्षे गेली. मग एका मोठ्या रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली आणि मास्तरांना तिच्यात घेतले. तिथली डॉक्टर सुईच्याच वयाची होती. डोळ्यांखाली काळे, पण बोलण्यात उमेद. मास्तरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले, "डॉक्टरबाई, तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. शिवणाऱ्याने घाई केलीय. मला बसता येऊ दे, नवा शिवून देतो."

"नक्की द्या," ती हसून म्हणाली आणि खुर्ची ओढून समजावायला बसली. "मास्तर, साधं औषध अंगभर फिरतं आणि झोप आणतं. हवं तिथे थोडंच पोचतं. म्हणून आम्ही ते अगदी बारीक कणांत भरलंय."

"म्हणजे खिशात घातलंय."

"हो, खिशातच! आणि हा खिसा उघडतो तो मज्जारज्जूला जिथे दाह होतोय तिथे."

"एवढ्याशा खिशाला काज कोण करतं हो?"

ती मोठ्याने हसली. मग माझ्यावरचे मिलिमीटरचे एक घर तिने बोटाने दाखवले आणि म्हणाली, "एवढ्या जागेत असे दहा हजार कण ओळीने बसतील." माझी छाती फुगली. माझ्या सगळ्यात लहान घरात दहा हजार खिसे! "पण हे नवं आहे," ती गंभीर झाली. "गुण येईलच असं मी म्हणणार नाही. लहान मात्रेपासून सुरू करू."

दर तीन आठवड्यांनी दोन दिवस तिथे राहायचे आणि पाठीत सुई घ्यायची. "माझी सुई बाहेर बाकावर बसलीय, ही दुसरी कुठली?" असे मास्तर सिस्टरांना विचारत. सुई खरेच बाहेर असे. आकडा विचारताना घरचे कुणी आत नको, असा नियम होता, म्हणजे माणूस मोकळेपणाने खरे बोलेल. डॉक्टर विचारणार, सिस्टर लिहिणार. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.

शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. पाठीचे दुखणे तेच, आवाज मात्र हॉर्नसारखा. डॉक्टरने त्याला आधी विचारले. "नऊ! नऊ म्हणजे नऊ, लिहा," तो गरजला. डॉक्टर मान हलवून वळली. मास्तरांनी जन्मभर माणसांचे खांदे मोजले होते. त्या उतरलेल्या कोटाखालचा तिचा खरा खांदाही अर्धा इंच खाली आला, हे त्यांच्या नजरेतून कसे सुटेल?

"मास्तर, तुमचं किती?"

चादरीखाली त्यांनी मला घट्ट धरले. अंगठ्याचे नख नवाच्या रेघेवर रुतले. आणि तोंडाने ते म्हणाले, "सात."

सिस्टरांनी लिहिले, सात.

मास्तरांना बाहेर आणल्यावर सुईने विचारले, "नीट सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं की. आणि लिहिणारी बाई चांगली जाणती दिसते."

मी हादरले. तुमच्या लक्षात आले का, मित्रांनो? मास्तर खोटे बोलत नव्हते. समोरच्याला ओशाळवाणे वाटू नये म्हणून दोन कमी सांगायचे आणि लिहिणाऱ्याने दोन वाढवून घ्यायचे, ही रीत त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की सगळे जग तसेच चालते असे ते धरून चालले होते.

पहिल्या सुईने थोडा उतार पडला. नवाचे आठ झाले. मास्तरांचे नख आठावर दाबले गेले, आणि ते म्हणाले, "सहा." डॉक्टरचा खांदा वर आला. मास्तरांना तेवढ्याने बरे वाटले.

त्या दिवशी त्यांना व्यायामाला नेले होते आणि मी खाटेच्या दांड्यावर लटकत होते. डॉक्टर आणि सिस्टर तिथेच उभ्या राहून कागद बघत होत्या. "ड्रायव्हरचे सातच्या वर आहेत, त्याची मात्रा वाढवू. मास्तर सहावर आलेत, त्यांना आहे तीच ठेवू. नव्या औषधात उगाच वाढवायला नको." हा नियम रुग्णांना सांगत नसत. सांगितला तर आकडा नियमाकडे बघून निघतो, म्हणून. मी त्या दांड्यावरून स्वतःला खाली टाकले. सिस्टरांनी मला उचलून परत लटकवले.

तिसऱ्या वेळी नख आठावर, तोंडात सहा. चौथ्या वेळीही तेच.

त्या चौथ्या वेळी शेजारचा ड्रायव्हर एकाएकी ओरडायला लागला, "मोजा! मोजा!"

मास्तरांनी सवयीने मला उलगडले. "काय मोजू?"

"मोजायचं नाही हो मास्तर, मोजा! पायमोजा! हा बघा, घातला! जळत नाहीये!" तो बारदानासारखा माणूस हमसून हमसून रडत होता, आणि त्याच्या उजव्या पायात एक करडा मोजा होता. डॉक्टर धावत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मास्तरांनी. वाजवताना मी त्यांच्या तळव्यांत चेंगरत होते. मग टाळ्या थांबल्या आणि त्यांनी आपल्या चादरीच्या तंबूकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"छान सुती आहे मोजा," एवढेच ते म्हणाले.

चाचणीचा तो टप्पा संपला. हिवाळ्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तो लवकर गाठतो. पाच दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवशीही पाय उघडेच होते. ते गेल्यावर सुईने तारेची कमान काढली आणि मलमलीची चादर प्रथमच त्यांच्या पायांवर नीट पांघरली. ते ओरडले नाहीत, तेव्हा ती ओरडली.

महिन्याभराने ती रुग्णालयाची कागदपत्रे परत द्यायला गेली. मी तिच्या गळ्यात होते. डॉक्टरने तिचा हात हातात घेतला. "एक समाधान आहे, ताई. शेवटचे काही महिने त्यांना जरा आराम होता. सहाच्या वर गेले नाहीत."

"सहा कुणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं. दर वेळी."

"लिहिलं कुणी?"

"सिस्टरांनी."

सुईने हातातली कागदपत्रे टेबलावर ठेवली. मग तिने हळूच विचारले, "लिहिताना दोन वाढवले ना?"

डॉक्टरला काही कळेना. सुईने बेकरीवाल्या काकांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता तिने मला गळ्यातून काढले, आणि तिच्या बोटांना ती खोल खूण लागली. तिने मला खिडकीच्या उजेडात धरले. आठावर एक खोल खाच, नवावर हलकी रेघ. त्या खाटेवर माझ्याशी चाळा करणारे हात दुसरे कुणाचे नव्हते. डॉक्टरने फाइल उघडली. सात, सहा, सहा, सहा. ती एकदा कागदाकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"आठ असते तर मी मात्रा वाढवली असती," ती म्हणाली. "पहिल्या सुईनंतर लगेच वाढवली असती."

"मलाही चार सांगायचे. मी सहा धरायची. मला वाटायचं, मला कळतं." सुईने त्या खाचेवर बोट ठेवले. "मी आत असते, तर दोन वाढवायला सांगितलं असतं हो."

मात्रा वाढवून मास्तरांना गुण आला असता का? कोण सांगणार! ड्रायव्हरला आला म्हणून सगळ्यांना येतोच असे नाही. पण मास्तरांना ती वाढीव मात्रा कधी मिळालीच नाही, हे खरे. मी पोलादी पट्टीशी ताडून पाहिलेली टेप. "ही खरी आहे," असे जिच्याबद्दल म्हटले होते ती. खरा आकडा माझ्या अंगावर होता आणि तो कुणाला सांगता आला नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टर एकटीच दुकानात आली. "मास्तर माझा कोट शिवणार होते," ती दारातूनच म्हणाली. सुईने मला तिच्या खांद्यावर टेकवले. वही डॉक्टरनेच घेतली, दुसरे लिहिणारे कुणी नव्हते. तिने सांगितले, की आता रुग्णालयात कुणी नुसता आकडा ऐकून थांबत नाही. घरच्या माणसालाही वेगळे विचारतात, आणि चादर पायांवर टाकून चेहऱ्याकडे बघतात. सुई मान हलवत राहिली. मग तिने मला डॉक्टरच्या कमरेभोवती वळवले आणि म्हणाली, "कंबर तीस."

डॉक्टरचे पेन थांबले.

"खरी किती?"

सुईने माझ्या टोकाकडे पाहिले. "बत्तीस."

डॉक्टरने लिहिले, बत्तीस. आणि मग दोघी त्या कापायच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मी दोघींच्या मध्ये लोंबत होते.

मित्रांनो, मी आता लवकरच तुटेन. जुन्या वस्तूंना जपा म्हणून मी सांगणार नाही. टेपा काय, नव्या मिळतात. पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला असेल, त्याला तुम्ही "किती दुखतंय?" असे विचाराल, आणि तो हसून "थोडंसंच" म्हणेल, तेव्हा लगेच उठून जाऊ नका. शेजारी बसा. चादरीखाली त्याचे नख कुठे रुतले आहे ते बघा. चांगली माणसे तुमचा खांदा उतरू नये म्हणून कमीच सांगतात.

तुम्ही दोन वाढवून लिहा.